पांढऱ्या गाडीवरची बाई

फोटोतली संशयित महिला आपणच आहोत हे क्षमाने ओळखलं ते चपलेवरून. बाकी ओळखण्यासारखं त्यात काही नव्हतं. पांढरी स्कूटर, महाराष्ट्राची नंबरप्लेट, डोक्यावर हेल्मेट, खाली नाकापासून मानेपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा आणि हातांत कोपरापर्यंत चढवलेले पांढरे मोजे. फक्त जमिनीवर टेकलेल्या डाव्या पायात हिरवी चप्पल स्पष्ट दिसत होती. तीच चप्पल या क्षणी तिच्या पायात होती. तिने पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

समोर तिचा नवरा अनुपम चहा थंड करत मोबाईलवर तो फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहत होता.

"बघ, कशी पाय टेकवून उभी आहे दुबेजींच्या गेटसमोर. आतमध्ये पाहून राहिली."

"पडू नये म्हणून टेकला असेल पाय."

"पडते कशाला? चेहऱ्यावरूनच अट्टल दिसते."

"चेहरा कुठे दिसून राहिला त्यात?"

"तेच तर म्हणतो. शरीफ बाई चेहरा काहून लपवेल?"

मे महिन्यात जबलपुरातली प्रत्येक बाई घराबाहेर पडताना असाच चेहरा झाकते, अनुपमची बायकोही झाकते, हे त्याला माहीत होतं. पण 'सतर्क गली' या ग्रुपवर एखादा फोटो आला, की माहीत असलेल्या गोष्टी त्याला आठवत नसत.

ग्रुप काढला होता भय्यासाहेबांनी. ते कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते आणि देखरेख करायला त्यांच्याकडे आता काही उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये त्यांच्या कूलरचा पंप मागच्या भिंतीवरून चोरीला गेला आणि त्यांना काम मिळालं. चेरीतालमधल्या त्या एका गल्लीतली सगळी घरं त्यांनी ग्रुपमध्ये घेतली. मागच्या गल्लीला घेतलं नाही, कारण पंप गेला तो त्याच बाजूने, असं त्यांचं म्हणणं होतं. पहिल्या काही दिवसांत ग्रुपने एक अनोळखी मांजर, एक मीटर वाचायला आलेला माणूस आणि दुबेजींचे स्वतःचे मेहुणे यांना संशयित ठरवलं. मग तुळशीराम दुबेजींनी गेटवर कॅमेरा लावला आणि कामाला खरा वेग आला.

क्षमाची अडचण वेगळी होती. ती ज्या खासगी शाळेत सहावीला गणित शिकवायची, त्या शाळेने रिछाईकडे नवी शाखा काढली होती आणि जूनपासून तिला तिकडे पाठवायचं ठरवलं होतं. दोन ऑटो बदलून पुढे बरंच चालावं लागणार होतं. वेळेवर येणं जमणार नसेल तर आत्ताच सांगा, म्हणजे दुसरी व्यवस्था करता येईल, असं प्राचार्यांनी गोड आवाजात बजावलं होतं. अनुपमला यात काही अडचणच दिसली नाही.

"सोडून दे नोकरी. मेघना कॉलेजात गेली आता. आराम कर."

क्षमाला आराम नको होता. तिला सहावीची मुलं हवी होती, जी पाव आणि अर्धा यांची बेरीज दोन षष्ठांश करतात आणि नंतर कधीतरी, अचानक, करत नाहीत.

"मी गाडी शिकते," ती म्हणाली होती.

अनुपम इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्याच्या स्कूटरवरून उसाच्या रसाच्या गाड्यात शिरली होती, ही गोष्ट तो आजही प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगायचा. क्षमाने मागच्या गल्लीतल्या हर्षा गजभियेला विचारलं. हर्षा त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या मागच्या अंगणात नागपूरच्या भावाने दिलेली जुनी पांढरी स्कूटर ताडपत्रीखाली पडून होती.

"ताई, शिकवते मी," हर्षा म्हणाली. "पण एक आहे. आमच्या गल्लीत सीवरच्या पाइपांसाठी खोदाई चालू आहे. मैदानात जायचं तर तुमच्याच गल्लीतून जावं लागेल."

"पहाटे जाऊ. हे सातपर्यंत उठत नाहीत."

अशा रीतीने क्षमा रोज पहाटे 'फिरायला' जाऊ लागली. ती प्रत्येक गेटसमोर थांबायची, कारण प्रत्येक गेटसमोर उतार होता आणि उताराला ती घाबरायची. थांबली की आत पाहायची, कारण आतून कोणी पाहत तर नाही ना, अशी तिला भीती वाटायची.

"रेकी करून राहिली ती," भय्यासाहेबांनी ग्रुपवर आवाजी संदेश टाकला. "रोज एकच वेळ. रोज एकेका घरासमोर थांबते. कधी मागे एक साथीदार असते. गाडी बाहेरची. गँग आहे."

क्षमाने खूप विचार करून लिहिलं, "कोणी बिचारी गाडी शिकत असेल."

दुबेजींचं उत्तर लगेच आलं. "मैडम, चोर भी सीखकर ही आते हैं." त्याला अकरा अंगठे मिळाले. त्यांतला एक अनुपमचा होता.

ती गाडी रोखण्यासाठी दुबेजींनी गच्चीच्या कामातून उरलेलं सिमेंट ओतून गल्लीत एक जाडजूड गतिरोधक बनवला. क्षमा दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर येऊन रडकुंडीला आली.

"चांगलं झालं," मागून हर्षा म्हणाली. "तुमचा ब्रेक कच्चाच होता. हळू करा, चढवा, आता सोडा. हं. अजून एकदा."

चार दिवसांत क्षमाचा ब्रेक पक्का झाला. कॅमेऱ्यात हे सगळं दिसलं आणि ग्रुपमध्ये खळबळ उडाली. संशयित महिला गतिरोधकावरून मुद्दाम पुन्हा पुन्हा जात होती. हे सरळ आव्हान होतं. मग भय्यासाहेबांनी गल्लीभरच्या तुळशीच्या, जास्वंदीच्या जड कुंड्या रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे अशा मांडून घेतल्या, म्हणजे वेगाने पळता येऊ नये. क्षमा पहिल्या दिवशी तीन कुंड्यांना धडकली. आठवडा संपेपर्यंत ती त्यांच्यामधून पाणी वाहावं तशी जाऊ लागली. मग मैदानाकडचं तोंड आडवा बांबू बांधून बंद केलं. मैदान गेलं, पण क्षमा गल्लीतल्या गल्लीत गाडी वळवायला शिकली.

"ताई, तुमचे भय्यासाहेब लायसन्सची परीक्षा घेऊन राहिले," हर्षा म्हणाली. "आमच्या गल्लीत असते ना ते, तर मी बी लवकर शिकली असती."

ग्रुपला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. पहारा लावला की ती येत नाही, पहारा नसला की येते, हे कसं? भय्यासाहेबांनी आपल्या घरी बैठक बोलावली. त्यांच्या पत्नी विनताकाकूंनी पोहे केले होते.

"बाई आहे म्हणून आपली पंचाईत होऊन राहिली," भय्यासाहेब म्हणाले. "आपण पुरुषांनी हात धरून थांबवलं तर आपल्यावरच केस होईल. पकडायला बाईच पाहिजे. क्षमा, तू शिक्षिका आहेस. तुझा आवाज मोठा आहे. आजपासून तू महिला प्रमुख."

क्षमाने तोंडाकडे नेलेला चमचा पुन्हा ताटलीत ठेवला.

"मला नाही जमणार, भय्यासाहेब."

"जमेल, जमेल," अनुपम कौतुकाने म्हणाला. "एरवी पण ती रोज पहाटे फिरायलाच जाते. दिसली की फोन करेल." मग त्याने बायकोकडे वळून विचारलं, "तुला कधीच कशी नाही दिसली गं ती?"

"मी मान खाली घालून चालते," क्षमा म्हणाली.

पोहे वाढता वाढता विनताकाकूंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या ताटलीत लिंबाची जास्तीची फोड ठेवली.

इथपर्यंत क्षमाला घाबरता घाबरता थोडी मजाही वाटत होती. मजा संपली ती त्यानंतर. दुबेजींच्या वरच्या खोलीत रश्मी नावाची मुलगी भाड्याने राहायची. ती बालाघाटची होती, नेपियर टाउनमधल्या क्लासला जायची. ती स्कार्फ बांधायची आणि तिच्याकडे पांढरी स्कूटर होती. पहाऱ्याची बातमी बाहेर फुटते आहे म्हणजे आतलंच कोणीतरी फितूर आहे, असं भय्यासाहेबांनी जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी रश्मीच्या स्कूटरचा फोटो टाकला. नंबरप्लेट मध्य प्रदेशची होती. त्यावर कोणीतरी लिहिलं, "नंबरप्लेट बदली जा सकती है." मग रश्मी रोज कुठे जाते, तिला भेटायला कोण येतं, ती रात्री दिवा कधी मालवते, हे सगळं गल्लीला आधीपासून ठाऊक असल्याचं उघड झालं. शेवटी दुबेजींनी तिला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी किराण्याच्या दुकानात क्षमाला ती दिसली. डोळे सुजले होते.

"आंटी, मैंने क्या किया है?" तिने विचारलं. "परीक्षा तोंडावर आहे माझी. आता कुठे शोधू खोली?" बालाघाटच्या मुलीला मराठी येत होतं, हे क्षमाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. एवढे दिवस तिच्याशी कोणी बोललंच नव्हतं.

क्षमा तडक हर्षाकडे गेली.

"मी सगळं सांगून टाकते. रविवारी. पहाऱ्याची सगळी मंडळी भय्यासाहेबांच्या गेटवर चहाला जमतात. मी गाडीवर जाते आणि त्यांच्यासमोर हेल्मेट काढते."

"एकट्या जा मग," हर्षा म्हणाली. "मी मागे बसली तर म्हणतील हर्षाने आणली. आरशात पाहत जा फक्त. तुम्ही आरशात पाहतच नाही."

रविवारी सकाळी क्षमा आयुष्यात पहिल्यांदा एकटीने गाडी घेऊन निघाली. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं. पण गल्लीत वळते तर गेटवर कोणीही नव्हतं. झालं होतं असं, की फितुरीच्या संशयामुळे भय्यासाहेबांनी या खेपेची योजना ग्रुपवर टाकलीच नव्हती. फक्त अनुपमला फोनवर सांगितली होती, आणि अनुपमने ती घरात कोणालाही, अगदी महिला प्रमुखालाही, सांगितली नव्हती. भय्यासाहेब वरच्या गॅलरीत शिट्टी घेऊन बसले होते. अनुपम दुबेजींच्या गाडीमागे आपली स्कूटर चालू ठेवून दबा धरून होता.

शिट्टी वाजली. पाठोपाठ मागून कर्कश हॉर्न आणि ओळखीचा आवाज आला, "ए बाई, थांब."

क्षमाला थांबायचंच होतं. पण दचकल्यावर तिची मूठ आवळली आणि त्या मुठीत ॲक्सिलरेटर होता. गाडी उसळली. पुढचं तिला नीट आठवत नाही, पण कॅमेऱ्यात ते सगळं आहे. ती गतिरोधकावर अलगद चढून उतरली, कुंड्यांमधून डावी-उजवी करत निघाली, बांबूपाशी पाय न टेकता वळली आणि समोरून येणाऱ्या नवऱ्याच्या बाजूने उलट दिशेला निघून गेली. अनुपमनेही वळायचा प्रयत्न केला. पण त्याने इतक्या दिवसांत त्या कुंड्यांमधून गाडी एकदाही चालवली नव्हती.

क्षमाने आरशात पाहिलं. आरशात एक जास्वंद, एक स्कूटर आणि अनुपम असे आडवे पडले होते.

ती परत आली. गाडी नीट स्टँडवर लावून त्याच्याजवळ वाकली. अनुपमने पडल्या पडल्या तिचं मनगट घट्ट धरलं.

"सापडली," तो कण्हत म्हणाला.

"उठता येतं का?" तिने विचारलं.

अनुपमची पकड ढिली झाली. त्याने काळ्या चष्म्याकडे पाहिलं, मग स्कार्फकडे, मग हिरव्या चपलेकडे.

"क्षमा?"

"हो."

"तू काय करून राहिली इथे?"

"गाडी चालवून राहिली. पाय हलवून पाहा आधी."

पाय हलत नव्हता आणि बघता बघता सुजत होता. रविवारी सकाळी ऑटो मिळणं कठीण. भय्यासाहेबांची काय किंवा दुबेजींची काय, मोटार निघू शकत नव्हती, कारण भय्यासाहेबांनी स्वतःच गल्लीत कुंड्या मांडल्या होत्या. अनुपमची स्कूटर वाकडी झाली होती, मोबाईलच्या काचेचा चुरा झाला होता.

"बसा मागे," क्षमा म्हणाली.

"तुझ्या मागे?"

"दुसरं कोणी आहे का इथे?"

तो बसला. एक पाय बाहेर काढून, दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून, डोळे मिटून. नेपियर टाउनमधल्या हाडांच्या दवाखान्यापर्यंत तो फक्त तीनदा "हळू" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा गाडी सिग्नलला उभी होती.

इकडे भय्यासाहेब चष्मा शोधून, लावून पुन्हा गॅलरीत येईपर्यंत त्यांना एवढंच दिसलं, की संशयित महिलेने जखमी अनुपमला गाडीवर घातलं आणि ती भरधाव निघून गेली. त्यांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, "गँग अनुपम को उठा ले गई."

दवाखान्यात अनुपमला एक्स-रेसाठी आत नेलं, तेव्हा क्षमाने डिकीतला आपला मोबाईल काढला. त्यावर मेघनाचे कितीतरी फोन येऊन गेले होते. ग्रुपवर अनुपमचा मागच्या गणपतीतला फोटो फिरत होता. त्याची उंची, रंग आणि शर्टाचं वर्णन लिहिलेलं होतं. गँगची मागणी काय असेल यावर चर्चा सुरू होती. दुबेजींनी लिहिलं होतं, "महिला प्रमुख जी, आप जहाँ भी हों तुरंत घर आइए. हिम्मत रखिए."

एवढ्यात मेघनाचाच फोन आला.

"आई, कुठे आहेस तू? पापा को कोई लेडी उठाके ले गई. घरात सगळे लोक बसून राहिले. विनताआजी मला सरबत पाजून राहिल्या."

"ती लेडी मीच आहे, मेघना. पापांचा पाय मोडला. प्लास्टर करून आणते. सगळ्यांना सांग, घरी जा म्हणावं."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"तू चालवली गाडी?" मेघनाने हळूच विचारलं. "नेपियर टाउनपर्यंत?"

"हो."

"ओके," मेघना म्हणाली. "मी नाही सांगत कोणाला. तू ये, मग बघू दे सगळ्यांना."

प्लास्टर वाळेपर्यंत नवरा-बायको बाकावर शेजारी शेजारी बसून होते. अनुपम म्हणाला, "त्या बांबूपाशी तू पाय न टेकता वळलीस."

"हो."

"मला नाही जमलं."

प्लास्टर वाळलं का ते क्षमाने बोटाने दाबून पाहिलं.

"रिछाईपर्यंत जाशील अशी?"

"जाईन."

"हे हेल्मेट ढिलं आहे तुला," तो म्हणाला. "येत्या जूनच्या आत चांगलं घेऊन टाकू."

परतताना ती गल्लीच्या तोंडाशी थांबली, हेल्मेट काढलं, स्कार्फ सोडला आणि मगच आत शिरली. सगळी गल्ली क्षमाच्याच दारात उभी होती. गाडी गतिरोधकावरून चढली, उतरली, कुंड्यांमधून हळूहळू वळत आली. मागे प्लास्टरचा पांढरा पाय पुढे काढून अनुपम बसला होता. दुबेजींच्या हातातला सरबताचा पेला तिरका झाला होता, ते त्यांच्या लक्षात नव्हतं.

"एवढे दिवस मीच येत होते," क्षमा म्हणाली. पाठ केलेलं सगळं ती विसरली होती. "गाडी शिकत होते. तुम्ही सगळ्यांनी शिकवली. आता त्या रश्मीला खोलीत राहू द्या."

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या रश्मीकडे पहिल्यांदाच सगळ्यांनी वळून पाहिलं. दुबेजींनी पेला सरळ केला आणि तिला म्हणाले, "बेटा, पढ़ाई करो. कमरा तुम्हारा ही है."

भय्यासाहेबांनी घसा साफ केला.

"याचा अर्थ," ते म्हणाले, "आपली यंत्रणा बरोबरच होती. बाई खरोखर होती. आणि महिला प्रमुखाने तिला वेळेत हजर केली."

जूनपासून क्षमा हर्षाच्या त्याच पांढऱ्या स्कूटरवरून रिछाईला जाऊ लागली. अनुपमला डॉक्टरांनी घरीच बसायला सांगितलं होतं. नव्या मोबाईलसह तो व्हरांड्यातल्या खुर्चीत प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून सकाळपासून बसायचा. साहजिकच ग्रुपची सगळी मदार आता त्याच्यावर आली. त्याच्याइतकं गल्लीवर लक्ष ठेवणारं दुसरं कोणी नव्हतं. दूधवाला, भाजीवाला, कचऱ्याची गाडी, सगळ्यांची नोंद तो मनोभावे टाकायचा.

एके दिवशी भल्या सकाळी पांढरी स्कूटर बाहेर पडली. मागच्या सीटवर क्षमा होती. पुढे, हँडल दोन्ही हातांनी गच्च धरून, नऊवारीऐवजी मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातलेली, स्कार्फ बांधलेली एक ठेंगणी, वयस्कर बाई बसली होती. गाडी दुबेजींच्या गेटसमोर थांबली, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. अनुपमने चष्मा पुसून पाहिलं. बाईच्या हातातल्या बांगड्या त्याने गेली वीस वर्षं हळदीकुंकवाला पाहिल्या होत्या.

खिशातला मोबाईल वाजला. भय्यासाहेबांचा संदेश होता. "अनुपम, विनता घरी दिसून नाही राहिली. तू सकाळपासून बाहेर बसला आहेस. कोणत्या बाजूला गेली, पाहिलंस का?"

गाडी कोपऱ्यावर थोडी डगमगली, सावरली आणि वळली.

अनुपमने लिहिलं, "नाही. गल्लीत सगळं शांत आहे." मग मोबाईल पालथा घालून त्याने चहाचा कप उचलला.